डाव्या चाकाखाली

१

एकोडीच्या भुपेंद्र कापगतेने जुनी स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा गावात दोन मतं पडली. काहींना वाटलं, धानाच्या व्यापारात याच्याकडे पैसा जास्त झाला. बाकीच्यांना वाटलं, डोकं कमी झालं. गाडी दोन दारांची, गर्द निळी, वीस वर्षांहून जुनी आणि जमिनीला इतकी टेकलेली, की आत शिरायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं बसावं लागे. भुपेंद्रची आई जनाबाई एकदाच तिच्यात बसली. उतरताना दोघांनी हात धरून ओढावं लागलं, तेव्हा म्हणाली, "बाबू, हे गाडी आहे का खड्डा?"

भुपेंद्रचं साकोलीच्या पुढे सानगडीला धान खरेदीचं दुकान होतं. रोज सकाळी जायचं, उन्हं कलायच्या आत परत यायचं. इतकी वर्षं तो हा रस्ता मोटारसायकलवर करत आला होता. आता तोच रस्ता त्याला दिवसातला सगळ्यात चांगला भाग वाटू लागला.

गाडीचं पहिलं काम निघालं टायरचं. शहापूरला हायवेवर कैलाशचं गॅरेज होतं. कैलाश मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा, आणि कोणत्याही गाडीबद्दल ठाम मत असलेला माणूस. त्याने टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं नाही.

"रबर नाही राहिलं भाऊ हे, लाकूड झालं," तो म्हणाला. "नक्षी दिसून राहिली म्हणून टायर चांगला समजू नका. कडेले साल छापलं आहे, पाहा. तुमच्या लग्नाच्या आधीचा असन."

"लग्नाले बारा वर्षं झाले."

"मंग बरोबर बोललो न मी."

कोणते घ्यायचे ते ठरवून सांगतो म्हणून भुपेंद्र निघाला. साकोली मागे पडली. पुढे एकोडीच्या वाटेवर एक सरळ पट्टा लागतो. एका हाताला तलावाची पाळ, दुसऱ्या हाताला धान कापून मोकळ्या झालेल्या शेतांच्या बांध्या. डांबर त्याच वर्षीचं, पोटातलं पाणी हलू नये असं. तिथे गाडीचं पुढचं डावं चाक कशावर तरी चढलं आणि उतरलं. लगेच मागचं डावं चाक चढलं आणि उतरलं.

भुपेंद्रने आरशात पाहिलं. मागे रस्ता काळा, सपाट, रिकामा होता.

तो उतरून मागे चालत गेला. दगड नाही, खड्डा नाही, मेलेलं जनावर नाही. तलावावरून चार बगळे उडाले आणि पुन्हा बसले. उन्हात डांबर चकाकत होतं. त्याने वाकून गाडीखालीही पाहिलं. मग स्वतःशीच हसला आणि घरी गेला.

२

टायर एका जागी चपटा झाला असेल, असं त्याने ठरवलं. जुन्या टायरचं होतं तसं. पण चपटा टायर प्रत्येक फेऱ्याला धपधपतो, मैलभर वाजत राहतो. एकदाच चढून उतरत नाही. हे त्याला ठाऊक होतं. तरी त्या कारणाने बरं वाटलं, म्हणून ते त्याने धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं. तिसऱ्या दिवशीही.

कैलाशने गाडी चालवून पाहिली, वर उचलून खालून बॅटरी मारली. "बुश गेले. शॉकअपातलं तेल गळून राहिलं. स्प्रिंगही बसले आहेत. अशी गाडी काही पण करन भाऊ. रस्त्यावर पापड ठेवला तरी उडन."

"मंग काय करू?"

"दोन रस्ते आहेत." कैलाशने हात पुसले. "एक, मऊ स्प्रिंग अन जाड टायर. घरच्या सोफ्यावानी. बायको खूश, आई खूश. दुसरा, कडक स्प्रिंग, कडक शॉकअप, रुंद टायर, पातळ कडेचा. मंग रस्त्यावर रुपया पडला असन तर छापा का काटा, ते कमरेले समजन."

"मऊ घेतलं तर?"

"तर काही नाही समजन. पण मंग हे गाडी कायले घेतली? ऑल्टो नव्हती का बाजारात?"

भुपेंद्रने महिनाभर मोबाइलवर याच विषयाचा अभ्यास केला होता. रबर मऊ घ्यावं तर पकड चांगली पण झिजतं लवकर. कडक घ्यावं तर ओल्या रस्त्यावर घसरतं. टायर फार रुंद घेतला तर वळताना मडगार्डला घासतो. गाडी फार खाली घेतली तर शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरला पोट खरवडतं. रात्री जेवताना तो हे सगळं शुभांगीला सांगायचा. ती त्याची बायको. साकोलीच्या शाळेत गणित शिकवायची. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पुरे न जी आता, वरण घ्या."

त्याने कडक घेतलं.

३

नव्या टायरांवर शहापूरहून निघालेली गाडी वेगळीच गाडी होती. हातातलं चाक जरा हलवलं की नाक वळायचं. डांबराचा जोड, पुलावरची पट्टी, रंगाने मारलेला पांढरा पट्टासुद्धा पाठीच्या कण्याला कळायचा. भुपेंद्र एकटाच मोठ्याने हसला.

तलावाजवळ तो सावध झाला. पाळ सुरू झाली, संपली. काही नाही.

त्याने श्वास सोडला आणि त्याच क्षणी डावं चाक चढलं.

आता सगळं स्पष्ट होतं. जुन्या शॉकअपनी जे गुळगुळीत करून सांगितलं होतं, ते नव्यांनी जसंच्या तसं सांगितलं. दगडावर चाक चढतं तेव्हा टणका बसतो. इथे टणका नव्हता. चाक चढलं, खालचं काहीतरी किंचित दबलं, मग त्याने उलट रेटा दिला, आणि चाक उतरलं. मागचं चाक आलं तेव्हा दबणं जरा जास्त होतं, रेटा कमी.

आणि जागा बदलली होती. पहिल्यांदा ते पाळीच्या मध्यावर होतं. आता पाळ मागे पडली होती, जांभळाचं झाड आलं होतं. म्हणजे घराच्या बाजूला.

त्या रविवारी शुभांगी साकोलीच्या बाजाराला सोबत आली. येताना तिच्या मांडीवर वांग्यांची पिशवी होती. जांभळाचं झाडही मागे पडलं, कालव्याचा छोटा पूल दिसू लागला, तेव्हा गाडी डावीकडून उचलली गेली. शुभांगी बसली होती ती बाजू.

"अहो थांबवा!" ती किंचाळली. "कोणाच्या अंगावरून गेली गाडी!"

"कोणी नव्हतं. मी समोर पाहूनच राहिलो होतो."

"थांबवा म्हणते न मी!"

ती स्वतः उतरून मागे धावली. पदर खोचून तिने रस्त्याची डावी कड पाहिली, खालची नाली पाहिली, गवत पायाने बाजूला केलं. मागून धानाने भरलेला ट्रॅक्टर आला. त्याची ट्रॉली त्याच जागेवरून गेली. एक पोतंसुद्धा हललं नाही. ड्रायव्हरने विचारलं, "काय हरवलं का, मास्तरीनबाई?"

"नाही," शुभांगी म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने वांग्यांची पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. मग म्हणाली, "दगड नव्हता तो. माहा पाय चुकून वर्गात पोराच्या हातावर पडला होता एकदा. तसं लागलं मले."

त्यानंतर ती त्या गाडीत बसायची नाही म्हणाली.

४

भुपेंद्र भित्रा नव्हता. हिशेबाने विचार करणारा माणूस होता. एखादी गोष्ट कळत नसेल तर एकेक कारण बाजूला काढावं, उरेल ते खरं, असं तो मानायचा.

म्हणून एक दिवस तो मोटारसायकलवर गेला. सगळा रस्ता सपाट. मग गाडी घेऊन रस्त्याच्या चुकीच्या बाजूने, अगदी उजवीकडून गेला. तरी ते डाव्याच चाकाखाली आलं. मग अगदी हळू, माणूस चालतो त्या वेगाने गेला. हे त्याने करायला नको होतं. हळू गेल्यावर चाक त्याच्यावर जास्त वेळ राहिलं. स्टिअरिंग धरलेल्या दोन्ही तळव्यांना ते कळलं. लांब होतं ते. एका टोकाला अरुंद, मधे रुंद.

आणि दर वेळी ते थोडं पुढे सापडे. कालव्याचा पूल झाला. मग वीटभट्टी. मग गावाची पाटी. रोज सारखं अंतर नसे. कधी दोनचार दिवस एकाच जागी, कधी एकदम बरंच पुढे. दुपारचं ऊन, रस्त्यावर वाळत घातलेलं धान, शाळेतून सुटलेली पोरं, सगळं नेहमीसारखं. कोणालाच काही अडत नव्हतं. फक्त त्या गाडीला कळत होतं, आणि गाडीतून त्याला.

गावाच्या पाटीच्या आत ते ज्या दिवशी लागलं, त्या दिवशी त्याने गल्लीतच गाडी बंद केली आणि घरापर्यंत पाहिलं. चक्की, कुंताबाईचं किराणा दुकान, मग आपलं फाटक. जनाबाई फाटकाशी बसून मेथी निवडत होती.

दुसऱ्या दिवशी तो थेट शहापूरला गेला.

"मऊ करून दे," तो म्हणाला.

कैलाशला आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"स्प्रिंग मऊ टाक. शॉकअप मऊ. टायर जाड, उंच कडेचे. मले रस्ता समजलाच नाही पाहिजे."

"अरे भाऊ, काहून गाडीचा जीव घेता? नवेकोरे टायर आहेत. काही तक्रार आहे का? आवाज येते का? सांगा न, मी पाहतो."

"काही तक्रार नाही."

कैलाशने नव्या टायरवरून एकदा हात फिरवला. मग पाना उचलला. काम होईपर्यंत तो एकदाही मोठ्याने बोलला नाही, आणि निघताना एवढंच म्हणाला, "वहिनीची तब्येत बरी आहे न?"

५

पुढचे दिवस सुखाचे गेले. गाडी होडीसारखी डुलत चालायची. स्पीडब्रेकर आला तर दूरवर कुठेतरी काहीतरी हलल्यासारखं वाटे. तलाव आला, गेला. वीटभट्टी, पाटी, चक्की. कुठेच काही नाही. भुपेंद्रची भूक परत आली. शुभांगीसुद्धा एकदा बसली, साकोलीपर्यंत गेली आणि आली. "आता कशी झाली गाडी," ती म्हणाली. "आधीच ऐकायला हवं होतं कैलाशभाऊचं, सोफ्याचं."

त्याने हसून मान डोलावली. पण फाटकातून गाडी आत घेताना रोज त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे. ते गेलं असं नव्हतं. ते आता कुठवर आलं आहे, हे कळायचा मार्ग त्याने स्वतः बंद केला होता, इतकंच.

हा विचार आला की तो रेडिओ लावायचा.

६

एका रविवारी दुपारी तो गाडी धुवायला बादली घेऊन शेडमध्ये गेला. घराच्या मागच्या दाराला लागून टिनाचं शेड होतं. खाली सिमेंटची जमीन, तिच्यावर धानाच्या पोत्यांतून सांडलेला कोंडा. थंडीतलं पांढरं ऊन अर्ध्या शेडपर्यंत आलं होतं.

गाडी तिरपी उभी होती. डावी बाजू उजवीपेक्षा चार बोटं वर.

उजवीकडची स्प्रिंग तुटली असेल, असं त्याच्या मनात आलं. बादली ठेवून तो उजवीकडे गेला. स्प्रिंग ठीक होती. मग तो डावीकडे आला आणि पोटावर आडवा होऊन गाल सिमेंटला लावला.

डाव्या टायरखालून त्याला पलीकडचा उजवा टायर दिसला.

त्याने डोळे मिटले, उघडले. तसंच होतं. पुढच्या डाव्या चाकाखाली जमीन नव्हती. चार बोटांची फट होती आणि तिच्यातून ऊन दिसत होतं. मागच्या चाकाखालीही तशीच. पण टायर लोंबकळत नव्हते. वजन पेलणारा टायर खाली जसा दबून चपटा होतो, तसे ते दबलेले होते. गाडी टेकलेली होती. जमिनीवर नव्हती, एवढंच.

मग चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा कमी झाली. हळूहळू. थांबली. मग तितक्याच हळू पुन्हा वाढली. वाढताना स्प्रिंगने बारीक, चिकटल्यासारखा आवाज केला. पुन्हा कमी झाली.

उन्हाने लोखंड फुगतं, त्याने स्वतःला सांगितलं. पण लोखंड फुगून परत बसत नाही, आणि बसून लगेच फुगत नाही. हे तर झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा तसं चाललं होतं.

आणि त्याला भीतीच्याही आधी जे वाटलं ते असं, की एवढं वजन. एवढं वजन आपण याच्यावर ठेवलं आहे. कधीपासून?

त्याने जॅक आणला. स्प्रिंग पाहायला गाडी उचलतो आहे, असं तो पुटपुटत होता. त्याने दांडा फिरवला. डावी बाजू वर गेली, टायरचा चपटा भाग गोल झाला, आणि खालून कूस बदलल्यासारखा आवाज आला. लांब, सुटका झाल्याचा.

जमिनीवरचा कोंडा हलला. वारा नव्हता. कोंडा दोन्ही बाजूंना सरकत गेला आणि मधे सिमेंटचा स्वच्छ पट्टा उघडा पडत गेला, माणसाच्या अंगाइतका रुंद. गाडीखालून निघून तो पट्टा भुपेंद्रच्या पायांजवळून गेला. घाई नव्हती त्याला. मागच्या दाराच्या पायरीशी तो संपला.

भुपेंद्रने जॅक खाली घेतला. गाडी चारही चाकांवर सरळ बसली.

७

तो पुढच्या दाराने घरात गेला. शुभांगीने ताटं मांडली होती. "एवढ्यात धुऊन झाली गाडी?" तिने विचारलं, आणि स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन निघाली. मधल्या खोलीच्या बरोबर मधोमध तिने साडी जरा वर धरली, पाय नेहमीपेक्षा उंच उचलला, पलीकडे टाकला आणि आली.

खाली लादी होती. दुसरं काही नव्हतं.

"तू पाय काहून उचलला?" भुपेंद्रने विचारलं.

"कुठं उचलला?"

"आत्ता. तिथं."

"काय तरी बोलून राहिले. हात धुवा."

तेवढ्यात देवघरातून जनाबाई आली. ती त्याच खोलीतून आली, पण मधून नाही. गुडघे दुखत असूनही भिंतीच्या कडेकडेने वळसा घालून आली. निजलेल्या माणसाला ओलांडून जायचं नाही, हे तिने आयुष्यभर पाळलं होतं.

"आई!" भुपेंद्र ओरडला. "अशी फिरून काहून आली?"

"हळू बोल न, बाबू."

"काहून हळू?"

जनाबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग तसंच ठेवलं. आपण असं का म्हणालो हे तिला सापडत नव्हतं. तिने सुनेकडे पाहिलं, मधल्या लादीकडे पाहिलं, आणि ताटावर बसली. तिघं जेवली. कोणी मोठ्याने बोललं नाही.

गाडी त्याने त्याच आठवड्यात विकली. गोंदियाच्या एका तरुण वकिलाने घेतली. त्याने कडक स्प्रिंगा बसवल्या आणि फोन करून सांगितलं, "एकदम मस्त चालून राहिली भाऊ, मक्खन." भुपेंद्रने पुन्हा पुन्हा विचारलं, कुठे काही लागत नाही न? तो म्हणाला, कायले लागन?

घरी येणारे पाहुणे मधल्या खोलीत जरा वळसा घालून बसायला जातात. कोणी विचारत नाही, कोणाच्या लक्षात येत नाही. काही दिवसांनी वळसा घालायची जागा सरकली; आता झोपायच्या खोलीच्या दाराशी पाय उचलावा लागतो. भुपेंद्रचाही पाय आपोआप उचलला जातो. पहिल्यांदा त्याने उचलायचा नाही म्हणून फार जोर लावला होता. जमलं नाही.

परवा सकाळी त्याला उशिरा जाग आली. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. शुभांगी पार कडेला, पडेल अशी निजली होती. एक हात पलंगाबाहेर लोंबत होता.

"एवढ्या कडेले काहून निजली?" त्याने हळू आवाजात विचारलं.

ती अर्धवट झोपेत होती. "तुमीच तर सरकवलं न मले रातभर," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली.

भुपेंद्रने मान उचलून पाहिलं. तो स्वतः पलंगाच्या दुसऱ्या कडेला होता, पाठ भिंतीला टेकलेली. दोघांच्या मधे तिसऱ्याला पुरेल एवढी जागा होती. तिथली गादी खाली दबलेली होती.

त्याने तिथे हात ठेवून पाहिला नाही.